वेली गुलाब आणि मराठवाड्याचा वैशाख

वेली गुलाबाविषयी जे काही छापले जाते, त्यातला मोठा भाग बर्फाच्या प्रदेशात बसून लिहिलेला आहे. हिवाळ्यात वेल कशी झाकावी, भिंतीची ऊब तिला कशी मिळवून द्यावी, वसंतात मेलेले लाकूड कुठवर कापावे, असे सगळे सल्ले त्यात असतात. हे वाचून परतूर तालुक्यातल्या आष्टीचा माणूस कुंपणावर गुलाब चढवायला निघाला, तर निम्म्या गोष्टी त्याच्या अंगलट येतील. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. बीडची आहे, वर्ध्याची आहे. मी बोलतो आहे ती जालना जिल्ह्यातली. इथे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा साधारण १०-१२ अंशांवर उतरतो आणि मे महिन्यात ४२-४३ पर्यंत चढतो. वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. इथल्या गुलाबाला पौषाची भीती नाही. त्याची परीक्षा वैशाखात होते.

तरीही थंड प्रदेशातल्या बागवानांचे अनुभव टाकून द्यावेत असे मला वाटत नाही. त्यांचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत, पण त्या नियमांमागची कारणे समजून घ्यावीत. ती समजली की आपल्या उन्हाळ्यात काय करायचे ते आपोआप सुचते.

आधी वेलीची ओळख करून घेऊ. गुलाबाला आपण वेल म्हणतो खरे, पण कारल्यासारखे तणावे त्याला नसतात. घेवड्यासारखी काठीभोवती वळण्याची सवयही नसते. त्याची फांदी फक्त लांब वाढते, शेजारच्या झाडावर कलते आणि खाली वाकलेल्या काट्यांनी तिथे अडकते. हा काटाही जरा नीट पाहण्यासारखा आहे. जून फांदीवरच्या काट्याला अंगठ्याने बाजूने दाब दिला तर तो टचकन निघतो आणि खाली गुळगुळीत वण उरतो. मोसंबीचा किंवा लिंबाचा काटा असा निघत नाही, कारण तो म्हणजे रूप पालटलेली फांदीच असते, आतल्या लाकडाशी जोडलेली. गुलाबाचा काटा सालीवर वरच्या वर उगवतो. त्याचे काम आकड्याचे. भिंतीवर किंवा तारेवर तो आकडा कुठे अडकणार? म्हणून वेली गुलाबाला आपण बांधले नाही तर तो चढत नाही, जमिनीवर पसरतो.

आता थंडीत काय होते ते पाहू. कॅनडातल्या ओटावासारख्या शहरात कडाक्याच्या दिवसांत तापमान शून्याखाली ३० अंशांच्या घरात जाते. तेव्हा गुलाबाच्या फांदीत पहिला बर्फ पेशींच्या आत होत नाही, पेशींच्या मधल्या जागेत होतो. हा बर्फ पेशीतले पाणी बाहेर खेचून घेतो आणि पेशी आतून सुकत जाते. त्यातच जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी उचलता येत नाही आणि वरून ऊन व कोरडा वारा फांदीतला उरलासुरला ओलावा उडवत राहतो. थंडीने मेलेली फांदी खऱ्या अर्थाने तहानेने मेलेली असते.

झुडपी गुलाबाचे यात फारसे बिघडत नाही. वरचा भाग गेला तरी बुडातून नवी फूट येते आणि त्याच फुटीवर फुले लागतात. वेलीचे तसे नाही. तिची मुख्य फुले आदल्या वर्षीच्या लांब फांद्यांवर, त्यांतून निघणाऱ्या आखूड फुटींवर येतात. त्या फांद्या हिवाळ्यात जळाल्या की मूळ जिवंत असूनही त्या वर्षी मांडव रिकामाच. म्हणून थंड मुलखात वेली गुलाब हा सर्वांत अवघड गुलाब मानला जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले बागवान तर शरद ऋतूत मुळांची एक बाजू मोकळी करतात, अख्खे झाड चरात आडवे निजवतात आणि त्यावर माती व पालापाचोळा घालतात. वसंतात ते पुन्हा उभे करतात. दरवर्षी एवढे कष्ट टाळण्यासाठी कॅनडाच्या कृषी खात्यात फेलिसिटास श्वेडा या संशोधिकेने काटक गुलाबांची एक मालिकाच तयार केली आणि तिला एक्सप्लोरर हे नाव मिळाले. तिच्यातल्या वाणांना उत्तर अमेरिकेत पोहोचलेल्या शोधकांची नावे आहेत. १९८३ साली आलेला ‘विल्यम बॅफिन’ त्यातलाच. तो झाकणाशिवाय तिथला हिवाळा काढतो. टोरांटो-ओटावाकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुणा नातलगांना दारावर गुलाब चढवायचा असेल, तर त्यांनी हाच वाण शोधावा.

आता आष्टीकडे येऊ. एप्रिल-मेमध्ये कोरडा, तापलेला वारा सुटतो. पाने जेवढे पाणी बाहेर टाकतात तेवढे मुळांना उचलता येत नाही. मग आधी कोवळी पाने कडेने करपतात, नंतर शेंडे, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या फांदीची साल उन्हाकडच्या बाजूने भाजून तडकते. म्हणजे इथेही झाड मरते ते तहानेनेच. ओटावात जे काम बर्फ करतो, ते इथे झळा करतात. फरक एवढाच की तिथली वेल या संकटाच्या वेळी पाने गाळून झोपलेली असते आणि आपली जागी असते. जाग्या झाडाला तहान जास्त. म्हणून आपल्याकडे वेलीला झाकण्याइतकेच महत्त्वाचे आहे तिला उन्हाळ्यापुरते शांत करणे. फेब्रुवारी संपला की नत्राचे खत बंद करावे, छाटणी करू नये, नवी फूट फुटेल असे काही करू नये. एप्रिल-मेमध्ये आलेल्या कळ्या लहान असतानाच खुडाव्यात. तशीही त्या दिवसांतली फुले अर्ध्या आकाराची, फिक्या रंगाची आणि एका दिवसात मान टाकणारी असतात. त्यांच्यावर झाडाची शक्ती वाया का घालवायची?

भिंतीचेही तसेच. थंड देशांत दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत ही वेली गुलाबाची मोक्याची जागा, कारण दिवसा साठवलेली ऊब ती रात्री परत देते. आपल्याकडे भिंतीची हीच ऊब वेलीचा घात करते. सिमेंटच्या गिलाव्याची पश्चिमेकडची भिंत मे महिन्यात रात्री दहालाही हाताला गरम लागते. वेल पूर्वेला चढवावी, म्हणजे तिला सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळते आणि दुपारनंतर घराची सावली येते. भिंतीला खेटून तर लावूच नये. वीतभर-हातभर अंतर सोडून लोखंडी पाइप किंवा बाभळीच्या मेढी रोवाव्यात आणि त्यांवर गॅल्व्हनाइज्ड तारेच्या चार-पाच ओळी ओढाव्यात, म्हणजे मागून हवा खेळती राहते. पूर्वेला भिंत नसेल तर पश्चिमेच्या बाजूने उन्हाळ्यापुरता तुराट्यांचा आडोसा करावा. थंड देशांत लोक पोत्याचे कापड गुंडाळतात. आपल्या तुराट्या तेच काम करतात, तेही फुकट. बुडाशी सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे, फक्त खोडाला चिकटू देऊ नये. तिथे ओल धरली की बुरशी लागते आणि वाळवी येते.

आता वेली गुलाबाची खरी मेख. याच एका गोष्टीत बहुतेक वेली वाया जातात. फांदी सरळ वर चढवली तर ती दहा फूट जाते आणि फुलांचा एक झुपका फक्त शेंड्याला लावते, गच्चीवर, जिथे कुणी पाहत नाही. खाली नुसते काटेरी दांडके. असे होण्याचे कारण शेंड्यात आहे. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते, ते फांदीतून खाली वाहते आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. फांदी आडवी केली की शेंड्याची ही हुकमत सैल पडते. मग प्रत्येक पानाच्या बेचक्यातला डोळा जागा होतो. आडव्या बांधलेल्या फांदीकडे दोन आठवड्यांनी बारकाईने पाहावे. एरवी सालीत दबून बसलेले लालसर डोळे एकेक करून फुगलेले दिसतात. पुढे त्यांतून वीत-दीड वीत लांबीच्या फुटी निघतात, आणि प्रत्येक फुटीच्या टोकाला कळी. एका फांदीवर एक झुपका यायचा तिथे वीस-पंचवीस येतात.

जालना जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराला हे नव्याने सांगायला नको. कडवंचीच्या शिवारात पाणलोटाची कामे झाल्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथे तारेवर आडवे ‘ओलांडे’ तयार करणे हे रोजचे काम आहे. वेली गुलाबाचेही ओलांडेच करायचे असतात. कोवळी पण पेन्सिलीहून जाड झालेली फांदी थोडी थोडी वाकवत, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, तारेवर आडवी आणावी. एकदम वाकवली तर बुडाशी मोडते. सुतळीने आठच्या आकड्याची सैल गाठ मारावी. तार किंवा प्लॅस्टिकची दोरी साल कापते. खांबावर चढवायची असेल तर फांदी खांबाभोवती फिरवत न्यावी, तिरकी. पूर्ण आडवी नसली तरी तिरकेपणानेही पुष्कळ काम होते.

द्राक्षाशी साम्य इथेच संपते, कारण द्राक्षाची छाटणी गुलाबाच्या ओलांड्याला लावायची नसते. मुख्य फांद्या दोन-तीन वर्षे तशाच ठेवाव्यात. ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडला की, फक्त फुलून गेलेल्या बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर कापाव्यात. साधारण दीड ते दोन महिन्यांत फुलांचा पहिला लोट येतो. अगदी जुनी, खरबरीत झालेली एखादी फांदी दरवर्षी बुडातून काढून तिची जागा नव्या फांदीला द्यावी.

ही नवी फांदी कुठून येते? इथे मोसंबीवाल्याची सवय आड येते. जालना हा मोसंबीचा जिल्हा. मोसंबीच्या झाडात सरळ सोट वाढणारी, रसरशीत, जोमदार फूट दिसली की शेतकरी तिला पाणसोट म्हणतो आणि लगेच काढतो, कारण ती अन्न खाते आणि फळ देत नाही. गुलाबाच्या बुडातून असाच जाडजूड, तांबूस, भराभर वाढणारा कोंब येतो. अनुभवी हात तो कापून टाकतो. हा कोंब कापू नका! वेली गुलाबाचा पुढच्या वर्षीचा ओलांडा तोच आहे. फक्त तो कलमाच्या सांध्याच्या वरून आला आहे ना, हे माती थोडी बाजूला सारून पाहावे. सांध्याच्या खालून आलेली फूट खुंटाची असते. तिची पाने आणि काटे वेगळे दिसतात आणि तिला ठेवली तर दोन वर्षांत कलम मरते, नुसता खुंट उरतो. ती कात्रीने कापू नये, बुडाशी धरून ओढून काढावी, म्हणजे डोळ्यासकट निघते.

खुंटाचा विषय निघालाच आहे तर नर्सरीत तो विचारून घ्यावा. मल्टिफ्लोरा नावाच्या गुलाबाचा खुंट आम्लधर्मी जमिनीत चांगला चालतो, पण आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोसंबीच्या बागेत लोक याला केवडा म्हणतात, तोच प्रकार. विम्लयुक्त जमिनीत आणि कमी पाण्यात एडवर्ड किंवा इंडिका ओडोराटा या नावांनी मिळणारा खुंट बराच तग धरतो. केवडा दिसलाच तर नुसते हिराकस मातीत टाकून भागत नाही. चुनखडीत ते लोह पुन्हा बांधले जाते. चिलेटेड लोह द्यावे किंवा पानांवर हलकी फवारणी करावी, आणि मुळाशी दरवर्षी भरपूर कुजलेले शेणखत घालत राहावे. लावताना दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा. नुसत्या काळ्या मातीने तो भरला तर श्रावण-भाद्रपदात पाणी साचते आणि मुळे गुदमरतात. तिसरा हिस्सा बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी आणि बुंधा थोडा उंचावर ठेवावा.

पाण्याबाबत एक इशारा. गावोगाव आरओचे प्लँट झाले आहेत आणि त्यांचे सोडून दिलेले पाणी झाडांना घालावे असे कुणालाही वाटणे साहजिक आहे. दुष्काळी भागात पाणी वाया जाताना पाहवत नाही. पण त्या पाण्यात मूळ बोअरच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात, आणि गुलाब क्षार सोसत नाही. पानांच्या कडा जळतात, मातीवर पांढरा थर येतो. ते पाणी अंगण धुण्याला वापरा, गुलाबाला नको. त्याऐवजी पत्र्यावरून उतरणारे पावसाचे पाणी वेलीच्या खड्ड्यात वळवावे. साचलेले क्षार पावसाळ्यात खाली धुऊन जातात. उन्हाळ्यात ठिबकने, रात्री किंवा पहाटे, खोलवर ओल जाईल असे पाणी आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. रोज तांब्याभर घातले तर मुळे वरच राहतात आणि पहिल्या झळीत सुकतात. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. अशा ठिकाणी गुलाबाच्या पन्नास कुंड्या ठेवण्यापेक्षा जमिनीत खोल मूळ धरलेली एकच वेल लावावी. पाणी थोडे लागते आणि फुले अंगणभर मिळतात.

वाण निवडताना त्याचे कूळ पाहावे, हे माझे ठाम मत आहे. युरोपातले जुने वेली गुलाब वर्षातून एकदाच फुलतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याआधी थंडीची झोप लागते. ती आष्टीत मिळत नाही. १७९२ ते १८२४ या काळात चिनी गुलाबांचे चार वाण युरोपात पोहोचले आणि तिथून बारमाही फुलणारे गुलाब तयार झाले. चिनी गुलाब सतत का फुलतो, याचा उलगडा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. फुलणे रोखून धरणारे केएसएन नावाचे जनुक या गुलाबात एका उडत्या जनुकखंडाने बंद पाडलेले असते. रोखणारा गेला, म्हणून प्रत्येक फुटीला फूल. याच्याशी वेली गुलाबाचाही संबंध आहे. ‘क्लाइंबिंग’ हा शब्द आधी जोडलेले वाण, म्हणजे क्लाइंबिंग पीस वगैरे, मूळ झुडपी वाणावर अचानक निघालेल्या लांब फांदीपासून केलेले असतात. अशा काही फांद्यांत तो जनुकखंड बहुतांश निघून गेलेला आणि रोखणारे जनुक पुन्हा कामाला लागलेले आढळले आहे. म्हणून त्या उंच वाढतात आणि फुलायला मात्र हात आखडता घेतात. पीसचे नाव ऐकून वेल आणली आणि फुलेच नाहीत, ही तक्रार बहुधा त्यामुळेच ऐकू येते.

उष्ण प्रदेशासाठी चहागुलाब आणि नॉइसेट ही कुळे चांगली. त्यांच्या मुळाशी असलेला रोझा जायगँटिया हा रानगुलाब तर आपल्याच देशाच्या ईशान्येचा. १८८२ साली जॉर्ज वॉट यांना तो मणिपूरच्या डोंगरांत सापडला. झाडांवर साठ-सत्तर फूट चढणारी ही वेल आणि तिची मोठी पांढरट फुले. तिच्यापासून ऑस्ट्रेलियात ॲलिस्टर क्लार्क यांनी तिथल्या उन्हात टिकणारे गुलाब केले, ‘नॅन्सी हेवर्ड’ त्यातलाच. भारतात हे काम कोडाईकनालला एम. एस. वीरराघवन यांनी हाती घेतले. सनदी नोकरी सोडून ते पत्नी गिरिजा यांच्यासह गुलाबाच्या पैदाशीत रमले. ‘मणिपूर मॅजिक’, ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे त्यांचे काही वाण. त्याआधी गव्हाचे थोर पैदासकार बी. पी. पाल यांनी दिल्लीत ‘दिल्ली व्हाइट पर्ल’सारखे वेली गुलाब तयार केले होते. हे वाण नर्सरीत सहज हाताला लागतील असे नाही, पण मागणी केल्याशिवाय नर्सरीवाला ठेवणारही नाही. ते न मिळाले तर, नावात ‘क्लाइंबिंग’ असले तरी, क्लाइंबिंग आइसबर्ग घ्यावा. पांढरा, कमी काट्यांचा आणि उन्हाला तोंड देणारा आहे.

रोगराईचे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके, हिवाळ्यात भुरी, उन्हाळ्यात पानांच्या खालच्या अंगाला लाल कोळी. कोळीसाठी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारणे हा पहिला उपाय, औषध नंतर. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री निघतात. ते कडुनिंब-बाभळीबरोबर गुलाबाची पानेही खातात. त्यांना कंदिलाच्या उजेडात वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावे. छाटणीच्या जाड जखमेवर बोर्डो पेस्ट लावायला विसरू नये: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण मोसंबीवाल्यांच्या घरात पाठच असते. पेस्ट लावली नाही तर फांदी वरून काळी पडत खाली मरत येते. माती-पाण्याची तपासणी किंवा काही अडचण असेल तर खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे आणि परभणीचे कृषी विद्यापीठही लांब नाही. गुलाब म्हणून संकोच करू नये. फुलशेती हाही त्यांचाच विषय आहे.

लावायला उत्तम काळ दसरा ते दिवाळी. पाऊस गेलेला, जमिनीत ओल आहे, पुढे चार महिने थंड हवा आणि मुळांना रुजायला वेळ. पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नका आणि फांद्यांना कात्री लावू नका. फक्त लांब वाढू द्या, आडव्या बांधा आणि पहिला वैशाख सावलीत काढून द्या. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात तुमच्या कुंपणावर फुले असतील, आणि त्याच दिवसांत ओटावातल्या बागवानाची वेल बर्फात उभी असेल.